दुष्काळांतील शिधा : थोडक्या खर्चांत पुरा आहार

(साहाय्यकांच्या सभेंत झालेलें भाषण. समितीच्या निवेदनासोबत छापून प्रसिद्ध केलें आहे.)



समितीनें मला ‘काटकसरीचा स्वयंपाक’ हा विषय नेमून दिला आहे. अशा सभेंत हा विषय कोणास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पाऊस हुलकावणी देतो, विहिरी आटतात, जनावरें बाजाराच्या वाटेला लागतात, कर्तीं माणसें ऊंसतोडीस अगर शहरांत निघून जातात; अशा वेळीं चुलीवर काय शिजतें याची चर्चा करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, आपल्या तिजोरींतून निघालेला रुपया शेवटीं जेथें पोहोंचावयाचा, तें ठिकाण चूल हेंच होय. तेथें तो अंगीं लागला तर दान सफळ झालें. तेथें त्यानें नुसती भुकेची वेळ मारून नेली, तर दान पोहोंचलें एवढेंच म्हणतां येईल. आज मला आपल्यापुढें एकच गोष्ट ठेवावयाची आहे. दुष्काळग्रस्त कुटुंबास केवळ धान्य देऊं नका. धान्याबरोबर डाळ, दाणे आणि तेल द्या. बाकीचें सर्व भाषण या एका वाक्याचें समर्थन आहे.

मागील दुष्काळांनीं शिकविलें तें

१८७६ ते १८७८ या सालांतील दुष्काळ दख्खनच्या इतिहासांत महाभयंकर म्हणून नोंदला गेला आहे. त्या वेळीं सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरास दिवसास एक रत्तल, म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम, धान्याच्या किंमतीइतकी व वर थोडीशी रोकड एवढी मजुरी पुरेशी आहे असा निर्णय दिला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं त्यावर कडक हरकत घेतली. अंगमेहनत करणाऱ्या मनुष्यास एवढें धान्य अपुरें तर आहेच, शिवाय त्यास डाळ व भाजीपाल्याची जोड पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे दाद मागितली आणि मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं अशा मजुरीच्या कामांवर जाण्याचें नाकारलें. परभणी त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती. परंतु हद्द बदलली म्हणून पोटाचा नियम बदलत नाहीं. मनुष्यास किती द्यावें याबरोबरच काय द्यावें, हा प्रश्न त्या वादांत प्रथमच उघडपणें पुढें आला.

सरकारच्या हातीं सर्व सोंपवून स्वस्थ न बसतां समाजानें काय करावें, याचाही कित्ता त्याच दुष्काळानें घालून दिला. १८७७ सालीं महात्मा जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाचे त्यांचे सहकारी यांनीं धनकवडी येथें व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळग्रस्तांच्या मुलांस शिजलेलें अन्न देण्याची सोय केली. मोठ्या माणसास काम आणि मजुरी, लहान मुलास तयार अन्न, ही विभागणी आजही तितकीच योग्य आहे.

त्यानंतरचा मोठा धडा १९७२-७३ चा. तो पाहिलेलीं माणसें या जिल्ह्यांत अद्याप आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. रेशनवर परदेशांतून आलेली तांबडी मिलो मिळे, आणि कामांच्या जागीं सुकडी वाटली जाई. मिलोच्या भाकरीचें नांव काढतां वृद्ध माणसें आजही तोंड वांकडें करतात. सुकडीची आठवण मात्र गोडीनें सांगतात. याचें कारण केवळ चवींत नाहीं. भाजलेलें पीठ, गूळ आणि तेल यांचा तो मेळ मूठभर खाल्ला तरी अंगांत बळ राही. त्याच काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमीची योजना आकारास आली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. भुकेल्यास काम मागण्याचा हक्क मिळाला, ही महाराष्ट्रानें देशास दिलेली देणगी होय.

आजची स्थिति त्याहून बरी आहे, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिन्यास ५ किलो धान्य मिळतें, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो मिळतें, आणि जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य आहे. पण हिशेब आपणांस मजपेक्षां चांगला येतो, म्हणून तो आपणच करून पाहावा. महिन्याचे ५ किलो म्हणजे दिवसाचे १६६ ग्रॅम. त्यापासून सुमारें ५७० उष्मांक मिळतात. श्रम करणाऱ्या प्रौढ माणसास त्याच्या तिपटीहून अधिक लागतात. शिवाय हा शिधा मुख्यत्वें तांदूळ व गहूं यांचा असतो. डाळ, तेल, दाणे हीं ज्याच्या त्यानें बाजारांतून आणावयाचीं. आणि ज्या वर्षीं हातांत मजुरी नसते, त्या वर्षीं हींच पहिल्यानें बंद होतात. सरकारी शिध्यांत जें नाहीं तेंच आपल्या देणगींतून गेलें पाहिजे.

एकटी ज्वारी कां पुरत नाहीं

ज्वारी हें आपलें अन्न आहे, आणि त्याची निंदा करावयास मी उभी राहिलें नाहीं. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिन असतें. तांदळाहून तें अधिक आहे. परंतु शरीर घडविण्यास प्रथिनांचे जे निरनिराळे घटक लागतात, त्यांपैकीं लायसीन नांवाचा घटक ज्वारींत कमी असतो. तूर, हरभरा, मटकी, हुलगा यांत तो भरपूर असतो; आणि डाळींत ज्या घटकाची उणीव असते तो धान्यांत असतो. म्हणून भाकरी आणि वरण हीं दोन्ही एकाच ताटांत आलीं म्हणजे त्यांची किंमत बेरजेहून अधिक होते. आपल्या पूर्वजांनीं हें प्रयोगशाळेंत पाहिलें नव्हतें. ताटांत मात्र बरोबर मांडलें होतें.

ही जोड तुटली म्हणजे काय होतें, तें हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेनें दाखवून दिलें आहे. डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० च्या सुमारास असें निदर्शनास आणिलें कीं, दख्खनच्या पठारावर जवळ जवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो. मान, हात, पाय अशा उन्हास उघड्या राहणाऱ्या भागांवर काळसर, खरखरीत चट्टे उठतात, पोट बिघडतें, पुढें बुद्धीवरही परिणाम होतो. त्यावरील अन्न महाग नाहीं. भुईमुगाचे दाणे, डाळी, थोडें दूध अगर मांसमासळी यांची जोड मिळाली कीं हा रोग सहसा होत नाहीं. पोट भरलेलें असूनही मनुष्य उपाशी राहूं शकतो, तें असें.

आपल्याच चुलीवरचे उपाय

कोंड्याचा मांडा करून खावा असें आपल्याकडे म्हणतात. या जिल्ह्यांतील बायका तें पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांस नवें शिकविण्यापेक्षां त्यांच्या हातीं योग्य जिन्नस देणें अधिक महत्त्वाचें आहे. ज्वारीच्या कण्या व अंबाडीची भाजी, हुलग्याचें माडगें, शेंगोळे, मटकीची उसळ, ताकांतली आंबील, मिश्र पिठाचीं धपाटीं, कारळाची, जवसाची व दाण्याची चटणी, हे सर्व पदार्थ थोडक्या पैशांत पुरें अन्न देणारे आहेत. धान्यें व डाळी भाजून मसाल्यासह दळलेलें येसर तर टंचाईसाठींच निर्माण झालें आहे असें वाटावें. तें महिनोन्‌महिने टिकतें, आणि दोन चमचे येसर पाण्यांत उकळलें कीं भाकरीपुरती आमटी होते.

पालेभाजीविषयीं दोन शब्द सांगतें. हिंवाळ्यांत हरभऱ्याचे व करडईचे कोंवळे शेंडे खुडून सावलींत वाळविले, तर ते उन्हाळ्यांत भाजीस येतात. पाथरी, तांदुळजा, घोळ या रानभाज्या बियाण्याच्या खर्चाशिवाय मिळतात. शेवग्याचें झाड एकदा लागलें कीं फारसें पाणी मागत नाहीं; आणि त्याच्या पाल्यांत चुना, लोह व डोळ्यांस हितकर असें जीवनसत्त्व इतकें असतें कीं, प्रत्येक शाळेच्या व अंगणवाडीच्या आवारांत एक शेवगा असावा. पानांतील व धान्यांतील लोह अंगीं लागण्यास आंबटाची मदत लागते, म्हणून जेवणांत लिंबाची फोड अगर आंवळा असणें ही चैन नव्हे.

गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मगांव. जात्याशीं जिचें नांव कायमचें जोडलें गेलें, तिच्या जिल्ह्यांत पीठ चाळून कोंडा टाकण्याची चाल वाढावी हें योग्य नाहीं. कोंड्यासह दळलेल्या पिठांत जीवनसत्त्वें राहतात आणि एका पायलींत दोन भाकरी अधिक होतात.

आतां सोयाबीनसंबंधीं. या जिल्ह्यांत तें पिकतें फार, पण खळ्यावरून निघतें तें थेट मोंढ्यांत जातें. घरांत थांबत नाहीं. त्यांत शेंकडा ३५ हून अधिक प्रथिन आहे. २०२४-२५ च्या खरिपासाठीं सरकारनें जाहीर केलेली आधारभूत किंमत पाहा: क्विंटलास ज्वारी ३,३७१ रुपये, सोयाबीन ४,८९२ रुपये, तूर ७,५५० रुपये. त्यानंतरच्या रब्बी हंगामांत हरभऱ्यास ५,६५० रुपये. हे दर शेतकऱ्याच्या मालाचे आहेत, दुकानाचे नव्हेत; तरी त्यांवरून प्रमाण कळतें. एका रुपयांत मिळणारें प्रथिन मोजलें, तर सोयाबीन तुरीच्या दुपटीहून पुढें जातें, आणि हरभरा तुरीहून सरस ठरतो. मात्र सोयाबीन कच्चें दळूं नये. वीस-पंचवीस मिनिटें उकळून, कडक वाळवून, नऊ भाग ज्वारींत अगर गव्हांत एक भाग या प्रमाणांत दळावें. भाकरीची चव फारशी बदलत नाहीं आणि पचनासही बाधा येत नाहीं.

जळण आणि पाणी

पीक बुडालें कीं जळणही बुडतें, ही गोष्ट शहरांतील दात्यांच्या ध्यानांत येत नाहीं. तुराट्या व पळाट्या शेतांतून येतात. शेत कोरडें तर चूल थंड. गॅसची टाकी घरांत असली तरी ती भरून आणण्यास पैसा लागतो. म्हणून शिजण्यास वेळ लागणारें कडधान्य रात्रीं भिजत घालावें, भिजविलेलें पाणी शिजविण्यास वापरावें, भांड्यावर झांकण ठेवावें. सोड्यानें डाळ लवकर शिजते हें खरें, पण एक महत्त्वाचें जीवनसत्त्व त्यानें नष्ट होतें. भाजी आधीं धुवावी व मग चिरावी. भाताची पेज ओतून देऊं नये. मटकीस मोड आणले तर ती लवकर शिजते, आणि उन्हाळ्यांत भाजीपाला नसतां जें जीवनसत्त्व दुर्मिळ होतें तें त्या मोडांतून मिळतें. यांपैकीं एकाही गोष्टीस पैसा लागत नाहीं.

सर्वांत शेवटीं जेवणारी

घरांत अन्न कमी पडलें म्हणजे तें सर्वांस सारखें कमी पडत नाहीं. आधीं पुरुष, मग मुलें, आणि उरलें तर घरची बाई, असा क्रम आहे. ती पोटुशी असली किंवा अंगावर पाजत असली तरी क्रम बदलत नाहीं. शिध्यांत डाळ अगदीं थोडी आली तर ती तिच्या ताटापर्यंत पोहोंचत नाहीं. भरपूर आली तरच पोहोंचते. याकरितां डाळीचें माप आंखडतें घेऊं नये, अशी माझी आग्रहाची विनंति आहे.

सहा महिन्यांवरील मुलास आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न दिवसांतून अनेक वेळां लागतें. त्याचें पोट लहान. एकदां पोटभर घालून त्याचें भागत नाहीं. तीन भाग भाजलेली ज्वारी अगर गहूं, एक भाग भाजलेली हरभऱ्याची अगर मुगाची डाळ, थोडें दाण्याचें बारीक कूट, असें पीठ करून ठेवावें. तें पाण्यांत शिजवून त्यांत गूळ व चमचाभर तेल घालावें. अख्खे दाणे लहान मुलास देऊं नयेत, ते घशांत अडकतात. आई कामावर जाते तेव्हां हें भरविणार कोण, हा खरा प्रश्न आहे. आणि त्यासाठींच कामाच्या जागीं व वाड्यावस्त्यांवर बालकांचें स्वतंत्र स्वयंपाकघर असावें, असें मी समितीस सुचवितें. मोठ्यांस मात्र शिजलेलें अन्न देण्यापेक्षां कोरडा शिधा द्यावा. मानी कुटुंब अन्नछत्राच्या रांगेंत उभें राहत नाहीं. शिधा हातीं आला तर घरची चूल पेटते आणि घर घर राहतें.

काय देऊं नये

दान देतां देतां अपाय होऊं नये, म्हणून दोन इशारे देतें. पावसांत भिजून काळी पडलेली ज्वारी व बुरसलेले भुईमुगाचे दाणे स्वस्त मिळतात. परंतु त्या बुरशींत विष असतें, आणि तें भाजून वा शिजवून पुरतें जात नाहीं. असा माल दानधर्मांत घालणें हें दान नव्हे. दुसरी गोष्ट लाखेच्या डाळीची. तिचें पीक विदर्भांत होतें व ती स्वस्त असते. दुष्काळांत महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे. तूर अगर हरभऱ्याच्या डाळींत ती मिसळून येत असेल, तर तपासून घ्यावी.

शिध्याचा हिशेब आणि मागणी

पांच माणसांच्या कुटुंबास एका आठवड्याचा शिधा मी असा सुचवितें: ज्वारी १२ किलो, डाळ व कडधान्य मिळून ३ किलो, भुईमुगाचे दाणे १ किलो, तेल १ किलो, गूळ १ किलो, शिवाय आयोडीनयुक्त मीठ व तिखट. याचा हिशेब माणशीं दररोज सुमारें १,९०० उष्मांक व साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असा पडतो. लहानमोठ्यांची सरासरी धरली तर तो समाधानकारक आहे. ज्या घरीं सरकारी धान्य नियमानें येतें, तेथें जवळ जवळ निम्म्या धान्याची सोय आधींच झालेली असते. तेथें आपण ज्वारी निम्मी करावी, पण डाळ, दाणे व तेल यांस हात लावूं नये. वांचलेल्या पैशांत आणखी एका घराची डाळ होते.

यास्तव मोंढ्यांतील व्यापारी बंधूंस माझी विनंति आहे. परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील आडत्यांनीं टंचाईचे महिने संपेपर्यंत समितीस डाळ व दाणे खरेदीच्या भावानें द्यावेत. आडत, हमाली व तोलाई माफ करावी. भाव चढण्याची वाट पाहण्यांत व्यापार आहे, हें मी जाणतें. परंतु गिऱ्हाईक उभें राहिलें तरच दुकान उभें राहतें, आणि जें गिऱ्हाईक यंदां गांव सोडून गेलें तें परत येईलच असें नाहीं.

बागाइतदार मंडळींस तीन गोष्टी मागतें. पहिली, काढणीनंतर शेतांत राहिलेला सरवा गोरगरिबांस वेंचूं द्या. यंत्रानें काढणी होऊं लागली तरी दाणे व शेंगा राहतातच. दुसरी, ज्यांच्या विहिरीस पाणी आहे त्यांनीं गुंठाभर जागा पालेभाजीस ठेवावी, आणि ज्यांच्याकडे दुभतीं आहेत त्यांनीं आंबिलीपुरतें ताक वस्तींतील मुलांस द्यावें. ताक विकूं नये अशी चाल आपल्या खेड्यांत होती. दूध डेअरीस जाऊं लागल्यापासून ती मागें पडली, ती निदान टंचाईंत परत यावी. तिसरी, सर्वच शेत नगदी पिकाखालीं न घालतां एखादा तुकडा रब्बी ज्वारीस राखावा. तींत माणसास भाकरी व जनावरास कडबा मिळतो. सोयाबीनांत कडबा नाहीं. आपल्याच परभणीच्या कृषि विद्यापीठानें इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्यानें लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ति’ हा ज्वारीचा वाण २०१८ सालीं दिला आहे. जें बियाणें आपल्या दाराशीं तयार झालें, तें आपल्या शेतांत दिसावें ही अपेक्षा गैर नाहीं.

आणि सर्व साहाय्यकांस एवढेंच सांगणें आहे कीं, देणगी देतांना पोत्यांची संख्या विचारूं नका. त्या पोत्यांत काय आहे हें विचारा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत कोठारें खुलीं केलीं, ही कथा पिढ्यान् पिढ्या कीर्तनांतून सांगितली जाते, कारण त्यांनीं वेळेवर दिलें. वेळेवर द्यावें हें त्या कथेनें शिकविलें; पुरें अन्न कोणतें, हें आतां शास्त्रानेंही सांगितलें आहे. दोन्ही जाणूनही आपण नुसतें धान्यच वाटीत राहिलों, तर त्याचा बोल निसर्गाकडे जाणार नाहीं. आपल्या देणगीबरोबर ‘डाळ, दाणे व तेल यांकरितां’ एवढे शब्द लिहून द्यावेत, म्हणजे समितीस त्याप्रमाणें खर्च करणें सुलभ होईल, आणि पुढील अहवालांत त्याचा निराळा जमाखर्च आपणांस पाहावयास मिळेल.